दोन थापा आणि एक नळ

लग्न होऊन सासरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी सांगून टाकलं, की माझी कंबर लहानपणापासून अधू आहे. कंबरेला काडीचंही झालेलं नव्हतं. कोपरीला माहेरी असताना चिंचेच्या फांदीवरून उडी मारून मी खाली नीट उभी राहत असे. पण सासरच्या मागच्या दारी एकावर एक रचलेले हंडे मी पाहिले, कोपऱ्यावरच्या नळापाशी लागलेली रांग पाहिली, आणि मॅट्रिक झालेल्या मुलीकडे जेवढी अक्कल असते तेवढी सगळी वापरून कंबरेवर हात ठेवला. "आई गं!" म्हणाले.

थाप छान जमली. सासूबाईंनी लगेच तेल कोमट करून दिलं. "जड उचलू नकोस हो," म्हणाल्या. मी मान खाली घालून "बरं" म्हटलं, आणि मनात म्हटलं, काय भोळी माणसं आहेत ही!

भोळं कोण होतं ते कळायला मला वर्ष लागलं.

आमचं गाव ठाण्याच्या पुढं आणि कल्याणच्या अलीकडं. नाव सांगत नाही. तिथल्यांना ओळखू येईल आणि बाकीच्यांना नाव घेऊन काय करायचंय? स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. भातशेतीच्या कडेकडेनं आमच्यासारख्या नोकरदारांची घरं उभी राहत होती. गावच्या कारभाराला एक कमिटी होती, कमिटीला चेअरमन होते, आणि चेअरमननी आमच्या गल्लीला एक नळ दिला होता. मतदानाच्या महिनाभर आधी. मी तेव्हा यायची होते, पण वर्णन इतक्यांदा ऐकलंय की मीही हजर होते असं मला वाटतं. नळाला झेंडूची माळ, चेअरमनसाहेबांना फेटा, चौथऱ्यावर नारळ फुटला आणि तोटी फिरवल्याबरोबर पाणी असं धो धो आलं, की गुरुजींचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. त्यानंतर तसं पाणी त्या नळानं कधी दाखवलं नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास तो आधी खोकायचा, मग दोन-चार शिंका द्यायचा, आणि मग करंगळीएवढी धार सोडायचा. बारा वाजले की तीही बंद.

नळाच्या पलीकडं नव्या टाकीचा पाया खणून ठेवलेला होता. त्यावर दगड बसवून झाला होता, दगडावर नावं कोरून झाली होती. विटा येऊन पडल्या होत्या त्यांना दोन पावसाळे उलटले. विटांवर बकऱ्या ऊन खात बसत.

पाणी का येत नाही हे कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं. कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीला जातं ना सगळं! गल्लीतही सगळे हेच म्हणायचे. त्या बिचाऱ्यांनी आमच्या नळाचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण दूरच्या माणसावर ढकललं की जवळच्याला विचारावं लागत नाही.

गल्लीचा नियम होता, की रांगेतल्या एका माणसामागं दोनच भांडी. आम्ही घरात सात माणसं, म्हणजे निदान चार भांडी लागायची. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सासरे घरी असत, पण बायकांच्या रांगेत पुरुष उभा राहत नसे; बाकीची पुरुषमंडळी आठाला कामावर जायची. राहिलो कोण? मी, आणि माझी धाकटी नणंद. तेरा वर्षांची, सातवीतली. मी तर काय, अधू! मग नणंद जायची. एक फेरा स्वतःच्या नावावर, दुसरा शेजारणीच्या हातापाया पडून.

तिची शाळा अकराला भरायची.

आता हे मी इतकं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा हे दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. गणितात मला पैकीच्या पैकी मार्क होते बरं का! मी आपली तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन, सुपाखाली कादंबरी धरून बसायची. पोरगी दारातून ओली चिंब आत यायची, हंडा उतरवायची, परकराचा ओचा सोडायची आणि दप्तर घेऊन पळायची. बारा-सव्वाबाराला. शाळेतल्या बाई तिला मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उभं करायच्या हे तिनं घरी कधी सांगितलं नाही. मला एकदा एवढंच म्हणाली, "वहिनी, बाहेरूनही ऐकू येतं हो. भूगोल तर छानच ऐकू येतो."

मी म्हटलं, "वा!" आणि पान उलटलं.

माझी थाप उघडी पडली ती मंगळागौरीत. लग्नानंतरचा पहिला श्रावण, त्यामुळं मान माझा. संध्याकाळी आरती आटोपल्यावर गल्लीतल्या साऱ्याजणी खेळायला उतरल्या. मी तासभर खांबाला टेकून, चेहरा सोसल्यासारखा करून बसले. मग फुगडी सुरू झाली, आणि समोरच्या घरातली एक बाई म्हणाली, "कोपरीच्या मुलींना काय येणार फुगडी!"

झालं. मी पदर खोचला. फुगडी घातली, बसफुगडी घातली, झिम्मा घातला, आणि शेवटी गुडघ्यांत डोकं घालून कोंबडा होऊन साऱ्या ओसरीभर उड्या मारत फिरले. टाळ्या पडल्या. घामाघूम होऊन, जिंकल्याच्या आनंदात मी वर पाहिलं तर समोर सासूबाई. त्यांच्या शेजारी नणंद.  नणंद हसून म्हणाली, "वहिनी, कंबर बरी झाली वाटतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर एक तांब्याचा हंडा ठेवलेला होता. त्यात घडी घातलेली चुंबळ. बाकी एक अक्षर नाही.

तर अशी मी पाण्याला लागले. पण लागले म्हणून काय झालं? पहिल्या दिवशी हंडा डोक्यावरून घसरला आणि एका शेजारणीच्या पायावर पडला. दुसऱ्या दिवशी मी एवढ्या हळू चालले, की हंडा निम्मा माझ्या पाठीवर रिकामा झाला. नणंद एका फेऱ्यात आणायची तेवढं मी तीन फेऱ्यांत आणायची, त्यामुळं तिची सुटका होईना. मग मी दुसरा मार्ग काढला. गावाबाहेर, खाडीच्या अंगाला, आगरी वस्तीत एक विहीर होती. तिची मालकीण एक म्हातारी. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणत असू. जन्म मिठागरात राबण्यात गेलेला, कासोटा घट्ट, आणि जीभ त्याहून घट्ट. मी वाकडीतिकडी होऊन कळशी शेंदते आहे हे पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गो बाय, शिकली हायस ना तू?"

"मॅट्रिक," मी म्हटलं. अजून मला त्याचा केवढा अभिमान!

"मंग हंडा मानंवर पेलायचा का कंबरंवर, ता नाय शिकवला साळंत?"

तिनं मला शिकवलं. चुंबळ कुठं बसवायची, नजर कुठं ठेवायची, पाऊल कसं टाकायचं. माझ्या पाठीत एक धपका घालून म्हणाली, "कंबर तुजी बैलासारकी हाय गो. कोन बोलला अधू?" मी चुंबळ नीट करायला लागले. दिवाळीपर्यंत मी पहाटे तिच्या विहिरीवरून दोन हंडे आणत होते आणि नणंद बऱ्याचदा वेळेवर शाळेत जात होती. मला वाटलं, फिटलं आपलं पाप.

दिवाळी झाली आणि विहिरीनं तळ दाखवला. मावशी म्हणाली, "आता घराला येकच कलशी. नायतर आमची पोरा काय पितील?" तिचं काही चुकलं नव्हतं. नणंद परत नळाच्या रांगेत उभी राहिली. रांगेत हंडा उपडा घालून त्यावर बसायची आणि मांडीवर पुस्तक धरायची.

आणि मग शाळेतून चिठ्ठी आली. हजेरी फार कमी आहे. इथून पुढं रोज वेळेवर आली तरच सातवीच्या फायनलचा फॉर्म पाठवू, नाहीतर नाही. सातवीची फायनल झालेली मुलगी तेव्हा मास्तरीण होऊ शकत असे. आमच्या नणंदेला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. घरातल्या मांजरालाही ती बाराखडी विचारायची.

सासूबाईंनी चिठ्ठी ऐकली आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "नाही बसली तर नाही बसली. पाण्याशिवाय घर चालायचं नाही. पुढच्या वर्षी स्थळं बघायला घेऊ."

नणंद तिथंच दिवा पुसत होती. तिनं काच इतकी पुसली, इतकी पुसली, की मला ते बघवेना. त्या दिवशी ते दोन आकडे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले. साडेदहा आणि अकरा. आणि त्यांच्या मधोमध मी, सुपाखाली कादंबरी घेऊन.

आता मामंजींचं सांगते. माझे सासरे रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. पाण्यासाठी ते अर्ज करत. कार्बन घालून, तारीख टाकून. उत्तर यायचं, "आपला अर्ज विचाराधीन आहे." मामंजी ते उत्तर अर्जाला टाचून ठेवत आणि नवा अर्ज लिहीत. अकरा झाले होते. मी म्हटलं, बारावा मी लिहिते. माझ्या मराठीला तर बक्षीस होतं! मी असा अर्ज लिहिला, असा अर्ज लिहिला, की काय सांगू. "आपल्या कर्तृत्वाच्या सूर्यप्रकाशात आमच्या गल्लीतील तृषार्त चातकांनी..." वगैरे. मामंजींनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

"सूनबाई, फार सुंदर. पण हे मानपत्र झालं. तक्रार कुठाय?"

तक्रार लिहायची राहूनच गेली होती.

मग मी नळाच्या मागं लागले. म्हणजे अक्षरशः. नळ कुठून येतो ते बघत गेले. एक चावीवाला होता, खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून तो रस्त्यातल्या चाव्या, म्हणजे पाइपांचे व्हॉल्व्ह, उघडत-मिटत फिरायचा. त्याला मी एकदा गाठलं, तिळाची चिक्की खाऊ घातली आणि विचारलं.

"त्यात लपवण्यासारखं काय आहे ताई?" तो म्हणाला. "पहाटे पाचला चेअरमनसाहेबांकडची चावी. मग त्यांच्या चिकूच्या बागेची. मग ते नवे प्लॉट पाडलेत ना, तिकडची. तिथं पाणी दिसलं तर गिऱ्हाईक येतं. मग राहिलं तर तुमची."

"कुणी सांगितलं असं करायला?"

तो विचारात पडला. "सांगितलं असं कुणी नाही. पहिल्यापासून तसंच आहे. आणि बदला, असंही कुणी सांगितलं नाही."

त्याच्या या बोलण्यानं मी फार चिडले. कुणीतरी दुष्ट असता तर बरं झालं असतं. चेअरमन तर रस्त्यात भेटले की हात जोडून "करू या, करू या" म्हणणारे गोडबोले गृहस्थ होते.

संक्रांत जवळ आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणजे पुन्हा मान माझा. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि गल्लीभर हळदीकुंकू. गावच्या रिवाजाप्रमाणं पहिली सवाष्ण म्हणून चेअरमनीणबाईंना बोलवायचं. सासूबाई आणि मी करंडा घेऊन त्यांच्याकडं गेलो. चेअरमनीणबाई पस्तिशीच्या, गोऱ्या, संकोची. मोठ्यानं बोलायची सवय नसलेल्या. त्यांनी आम्हाला चांदीच्या फुलपात्रातून पाणी दिलं. अंगणातल्या नळाखाली हौद भरून वाहत होता आणि ते पाणी पाटानं चिकूंकडं चाललं होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्या पाटाकडं बघता बघता माझ्या तोंडून दुसरी थाप निघाली.

"काकू, एक विनंती आहे. हळदीकुंकू सकाळी दहाला ठेवलंय, आणि आमच्या गल्लीतल्या नळापाशी."

"नळापाशी?" त्या बुचकळ्यात पडल्या.

"आमच्या कोपरीकडची रीतच आहे तशी. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेनं मानाच्या सवाष्णीचे पाय वाहत्या पाण्यानं धुवायचे. त्याशिवाय कुंकू लावायचं नाही. आणि कुंकू लावल्याशिवाय सवाष्णीनं उठायचं नाही."

अशी रीत कोपरीत काय, भूतलावर कुठं नव्हती. मी बोलले आणि माझ्याच पायाखालची जमीन सरकली, कारण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक भुवई किंचित वर गेली. मग चेअरमनीणबाईंना म्हणाल्या, "हो, त्यांच्याकडं फार आहे खरं ते."

रस्त्यानं परत येताना त्या दुसरीकडं बघत चालल्या. मीही. कोण आधी हसेल याची भीती होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्याजणी नटूनथटून नळापाशी आल्या. आपापले हंडेही घेऊन आल्या, ते रांगेत लावले आणि हंड्यांच्या मागं उभ्या राहिल्या. नणंद आपल्या हंड्यावर बसलेली, पायापाशी दप्तर. मावशीलाही मी मुद्दाम बोलावलं होतं. चेअरमनीणबाई जरतारी शालू नेसून आल्या. त्यांना चौथऱ्यासमोर पाटावर बसवलं, भोवती रांगोळी. मी हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा असा सगळा साज लेवून हातात तांब्या घेऊन नळाखाली धरला. तोटी फिरवली.

नळ सूं करून गप्प झाला.

"येईल हं काकू आत्ता," मी म्हटलं.

मी एक भाषण पाठ केलं होतं. अर्जासारखं नाही, चांगलं रोखठोक. चेअरमनीणबाई उन्हात बसतील, कंटाळतील, विचारतील, आणि मी भाषण करीन. पण बायकांनी वेळ काढायला उखाणे सुरू केले आणि भाषणाला जागाच उरली नाही. पहिलीच शेजारीण म्हणाली:

"हंड्यामागं कळशी, कळशीमागं घडा, …रावांच्या गल्लीत नळ, पण तो कोरडा खडखडा!"

हशा पिकला. दुसरी पुढं सरसावली:

"तीळ भाजले, गूळ चिरला, पाकाला नाही पाणी, …रावांच्या राज्यात मी कोरडीच राणी!"

चेअरमनीणबाई हसत होत्या, पण दर उखाण्याला थोडं कमी. ऊन चढलं. त्यांनी हळूच माझ्याकडं बघून म्हटलं, "जरा प्यायला पाणी देता?"

साऱ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाच्याही घरी कालचं पाणी उरलेलं नव्हतं. खरं सांगते, हे आम्ही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर इतकी लाज वाटली नसती.

आणि भाषणाची हीच वेळ होती. मी घसा साफ केला, एक पाऊल पुढं टाकलं, आणि माझ्या मानेला काहीतरी कडकडून चावलं. मग दंडाला. मग पोटाला. मुंग्या! तासभर मी नळाच्या ओल्या मातीपाशी साखरेनं मढून उभी होते. टाकीच्या त्या विटांतून मुंग्यांची रांग निघाली होती, ती थेट माझ्या कंबरपट्ट्यापर्यंत. मी भाषण करायच्या ऐवजी मंगळागौरीतल्यासारखी नाचायला लागले. "अगं बाई! अगं बाई गं!"

बायका हसून हसून खाली बसल्या. मावशी ओरडली, "उभी ऱ्हा गो, नाचू नको! हार काड आदी!" आणि कोण धावून आलं असेल? चेअरमनीणबाई. पाटावरून न उठायची रीत मोडून त्या उठल्या, शालू खोचला आणि माझ्या मानेवरच्या मुंग्या एकेक वेचायला लागल्या. नणंदही धावली. दोघी दोन बाजूंनी मला झाडत होत्या. झाडता झाडता चेअरमनीणबाईंचं दप्तराकडं लक्ष गेलं.

"तू शाळेत नाही गेलीस?"

"पाणी आलं की जाते," नणंद म्हणाली. अगदी साधं. ऊन पडलंय म्हणावं तसं.

"किती वाजता येतं?"

"साडेदहा-अकरापर्यंत. कधी त्याच्याही पुढं."

"आणि शाळा?"

"अकराची."

चेअरमनीणबाईंचा हात माझ्या दंडावर थबकला. मला भाषणातलं एक वाक्य आठवेना. जे तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच होतं. "काकू, हे माझ्यामुळं झालं. माझी कंबर अधू आहे असं मी खोटंच सांगितलं, म्हणून हिला रांगेत उभं राहावं लागलं. आता मी भरते पाणी, पण दोघींशिवाय पुरत नाही. तिला फायनलला बसू देणार नाहीत." आणि मी, हलव्याचा मुकुट वाकडा झालेला, गल्लीदेखत भोकाड पसरलं.

त्या गांगरल्या. "पण आमच्याकडं तर पहाटे पाचला येतं..." त्या अर्धवट बोलल्या आणि थांबल्या.

मावशीनं तंबाखूची गोळी गालात सरकवली. "तुमची चिकू पितान ना गो बाय आदी. चिकूंना साळा नाय."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात नळ खोकला. शिंकला. करंगळीएवढी धार पडायला लागली. चेअरमनीणबाई आपणहून पाटावर जाऊन बसल्या आणि पाय पुढं केले. तांब्या भरेपर्यंत आम्ही सगळ्या त्या धारेकडं बघत होतो. फार वेळ लागला. मी त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग कुणीतरी म्हणालं, "आता मानाचा उखाणा!"

त्या उभ्या राहिल्या. हंड्यांच्या रांगेकडं एकदा पाहिलं आणि एवढ्या हळू आवाजात, की मागच्यांना माना पुढं कराव्या लागल्या, म्हणाल्या:

"आधी भरतील तुमचे हंडे, मग माझी घागर, …रावांचं नाव घेऊन करते कबूल, साऱ्याजणींसमोर."

यमक फसलं होतं. कुणी दाखवून दिलं नाही. नवऱ्याचं नाव घेऊन, कुंकू लावून घेऊन, चाळीस बायकांदेखत म्हटलेला उखाणा! कमिटीचा ठराव मोडता येतो, हा कसा मोडणार? मामंजींच्या अकरा अर्जांना जे जमलं नाही ते त्या वेड्यावाकड्या दोन ओळींत होतं, एवढं मलाही कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नळ खोकलाच नाही. नुसता भडभडून वाहायला लागला. गल्लीत अशी धांदल उडाली, की दोघी-तिघी तोंडातली चूळ तशीच ठेवून हंडे घेऊन धावल्या. चावीवाला कोपऱ्यावर उभा राहून सांगत होता, "घरूनच हुकूम झालाय! चिकू शेवटी!"

आठवड्यानं चेअरमन स्वतः आले. हात जोडून म्हणाले, "अहो, मला कुणी बोललंच नाही कधी!" मामंजी आत गेले, अकरा अर्जांचा गठ्ठा आणला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला.  चेअरमननी वरचे दोन वाचले. चहा निवला. टाकीच्या विटा त्या पावसाळ्याच्या आत हलल्या, बकऱ्यांना दुसरी जागा शोधावी लागली. टाकी पुरी व्हायला आणखी तीन वर्षं गेली, आणि झाली तेव्हा एका अंगानं गळत होती. पण गळायला आत पाणी होतं! मधल्या काळात चाव्यांची उलटापालट पुन्हा दोनदा झाली. दोन्ही वेळा बायकांनी नळापाशी हळदीकुंकू काढलं. चैत्रात चैत्रगौरीचं निमित्त होतंच, पण कार्तिकात कशाचं हे कुणालाच सांगता येईना. परवा माझ्या नातसुनेला तिच्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणे, की वाहत्या पाण्यानं सवाष्णीचे पाय धुवायची रीत फार प्राचीन आहे. मी जपमाळ ओढत राहिले.

त्या वर्षी संक्रांतीनंतर नणंद एकही दिवस चुकली नाही. बाईंनी हजेरी मोजली, कपाळाला आठ्या घातल्या आणि फॉर्म पाठवला. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी आणि सासूबाई दारात उभ्या होतो. माझ्या डोक्यावर हंडा, वर कळशी, आणि थेंब सांडत नव्हता. नणंदेनं आईला नमस्कार केला, मला वाकायला लागली तर मी म्हटलं, "वन्सं, आता नको, हंडा पडेल."

"वहिनी, कंबर सांभाळा हं," ती म्हणाली आणि पळाली. पुढं तिनं तीस-बत्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. उशिरा आलेल्या मुलाला तिनं कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही. आधी विचारायची, "तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं रे?"

ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी सासूबाईंना विचारलं. फार दिवस पोटात होतं.

"तुम्हाला माझी कंबर कधी कळली? मंगळागौरीत ना?"

"तिसऱ्या दिवशीच," त्या म्हणाल्या. "'आई गं' म्हणताना तू हात कंबरेवर ठेवलास. दुखतं त्याचा हात मागं पाठीशी जातो."

"मग बोलला का नाहीत?"

"नवी होतीस. म्हटलं, बघू किती दिवस टिकते." त्या आत जायला वळल्या, मग उंबऱ्यात थांबल्या. "आणि हे बघ, कोपरीला माझी सख्खी मावशी दिलेली होती. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथं काढल्यात. पुढच्या वेळी थाप मारशील तर गाव जरा लांबचं घे."